तिसऱ्या पानावरचं नातं

सौदीत अल-खोबरच्या एका खासगी इस्पितळात मी नऊ वर्षं लॅब टेक्निशियन होते. राहायला इस्पितळाचंच बायकांचं क्वार्टर. ज्याच्याशी माझं जुळलं तो दुसऱ्या किनाऱ्यावर, यान्बूला रिफायनरीत मेंटेनन्स इंजिनिअर, म्हणजे मध्ये अख्खा देश. मी विधवा, त्याचा घटस्फोट झालेला. पुन्हा लग्न करायचं नाही हे दोघांनी मिळून ठरवलं होतं, पण लग्नाशिवायचं नातं तिथे गुन्हा, त्यामुळे कुणाला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. आम्ही भेटायचो ते भारतात, सुट्टीत.

माझा नाशिकला फ्लॅट, त्याचा चिपळूणला. पुढे एकत्र राहायचं तर दोघांचं म्हणून एक घर पुण्यात घ्यावं असं ठरलं. एजंट फोनवर म्हणाला, "मॅडम, एकट्या तुमच्या नावावर घ्या. बाईच्या नावावर स्टॅम्प ड्युटी कमी लागते. सरांचं नाव घातलं की सवलत गेली."

"मग त्यांचा हिस्सा?"

"नंतर बक्षीसपत्र करा. नवऱ्याला दिलं तर ड्युटी नावापुरती."

"ते माझे नवरे नाहीत."

"मग पूर्ण भरावी लागेल. वर इन्कम टॅक्सवाले विचारतील ते वेगळंच. नवरा-बायको लिहून टाकू का? कोण बघतंय?"

मी नको म्हणाले. दोघांची नावं घाला, ड्युटी पूर्ण भरू, असं बजावून सांगितलं.

खरेदीखताचा मसुदा मेलवर आला तेव्हा मी कामावर होते. दुपारी गर्दी ओसरल्यावर कॉरिडॉरमधल्या प्रिंटरवर तो छापला आणि जागेवर येऊन वाचायला घेतला. दुसऱ्या पानानंतर एकदम चौथं. परत गेले तर ट्रे रिकामा होता. तिसरं पान मोबाइलवर उघडलं. एजंटने आपलंच खरं केलं होतं. आमच्या नावांपुढे 'पती-पत्नी', त्याच्या नोकरीचं ठिकाण यान्बू, आणि राहण्याचा पत्ता दोघांचा एकच: माझं क्वार्टर, खोली नंबरासकट. मसुदा इंग्रजीत होता. मराठीत असता तर निदान फारशा कुणाला वाचता आला नसता.

नवरा म्हणावं, तर इस्पितळाच्या फाइलीत आणि इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, मी एकटी. म्हणजे खोटी माहिती दिली. नवरा नाही म्हणावं, तर बायकांच्या क्वार्टरमध्ये माझ्या खोलीच्या पत्त्यावर हा पुरुष कोण?

संध्याकाळी त्याला फोन केला.

"मी येतो," तो म्हणाला. "एजंटची चूक आहे म्हणून सांगू."

"तू इथे दिसलास की संपलंच. येऊ नकोस."

"मग लग्न करून टाकू या का?"

"भीतीपोटी?"



तीन दिवस काहीच झालं नाही. कॅन्टीनमध्ये कुणी हळू आवाजात बोललं तरी मी मान वळवून बघायचे. चौथ्या दिवशी क्वार्टरची सुपरवायझर दारात उभी राहिली. हैदराबादची बाई, एरवी कधी वर न येणारी. आत आली, खोलीभर नजर फिरवली, बाथरूमचं दार ढकलून पाहिलं.

"सिस्टर, आप अकेली ही रहती हैं ना?"

"जी."

तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "प्रिंटर पे मिला था. मैंने पढ़ा नहीं."

मी आभार मानले. ती जाताना दारापाशी थांबली आणि म्हणाली, "वैसे यान्बू यहाँ से बहुत दूर है."

तिचा आवाज मायेचा होता की धमकीचा, मला आजही सांगता येत नाही.

दोन महिन्यांनी माझं काँट्रॅक्ट संपत होतं. नऊ वर्षांत ते दर वेळी न विचारता वाढलं होतं. या वेळी एचआरमधून बोलावणं आलं आणि समोर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचा देश सोडण्याचा, कागद ठेवला. मी कारण विचारलं. "मॅनेजमेंट का डिसीजन है. खलास," एवढंच उत्तर. मी सही केली. त्या तिसऱ्या पानाचा आणि माझ्या जाण्याचा संबंध होता का? नसेलही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घर मात्र आम्ही घेतलं. तो सुट्टी काढून आला. एजंट बदलला, ड्युटी पूर्ण भरली, पत्ते दोन लिहिले. रजिस्ट्रार ऑफिसातल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "एकमेकांचे कोण?"

"दोघं खरेदीदार," मी म्हणाले. त्याने पान उलटलं.

आता मी पुण्याला राहते. तो अजून यान्बूला आहे, आणखी दोन वर्षं म्हणतो. परवा फोनवर बोलता बोलता म्हणाला, "आज एचआरने इकाम्याची प्रत पुन्हा मागितली."

"सगळ्यांची मागितली का?"

"मी विचारलं नाही," तो म्हणाला.