मुक्काम पुणे, फ्लॅट बँकेचा

तीन बायकांना एका फ्लॅटमध्ये ठेवलं की किस्से आपोआप साठत जातात. फ्रिजमध्ये उरलेल्या भाजीच्या वाट्या साठतात ना, तसेच. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण एक दिवस दार उघडावं तर वाट्याच वाट्या! मी आजही अकोल्याला घरी जाऊन बोलायला लागले की माझी मुलगी विचारते, "आई, तुम्ही तिघी बँकेतही जायच्या का कधी?"

आधी माणसं सांगते. उशिरा का होईना, आम्हाला प्रमोशन मिळालं आणि पुण्याच्या हेड ऑफिसचं बोलावणं आलं. दोन महिने बँकेच्या फ्लॅटमध्ये राहायचं, काम शिकायचं आणि शेवटी सांगायचं, पुण्यात राहणार की परत जाणार. परत गेलात तर प्रमोशन गेलं, गावच्या शाखेत पुन्हा कारकून. मी मंदा, अकोल्याची. रेखा अमरावतीची, तिघींत लहान, मोबाइलमधलं सगळं तिला येतं. आणि शोभाताई शेंदूरजनाघाटच्या. घरी संत्र्याचा बगिचा, मुलं मार्गी लागलेली. प्रमोशनच्या परीक्षेत आमच्यात सगळ्यात जास्त मार्क त्यांनाच होते. पण त्या पुण्यात राहतील यावर कुणी पैज लावली नसती. त्यांचे मिस्टर वसंतराव रोज जेवायच्या वेळेला फोन करायचे आणि एकच विचारायचे, "कवा येतं मंग?"

"पाहू," एवढं बोलून शोभाताई फोन ठेवायच्या आणि जेवायला बसायच्या.

* * *

फ्लॅटला तीन बेडरूम. प्रत्येकीला एक, दाराला लॅच, आत स्वतंत्र बाथरूम. पहिल्याच आठवड्यात बँकेचा माणूस पाहणीला आला, तर खोल्यांमध्ये नुसत्या बॅगा आणि हॉलमध्ये ओळीनं तीन गाद्या! त्याला वाटलं, पंखे बिघडले. बिचारा खोल्याखोल्यांतून पंखे लावून पाहू लागला.

"पंखे चांगले हायेत," शोभाताई म्हणाल्या.

"मग मॅडम, हॉलमध्ये का झोपता?"

"बोलाले!"

त्यानं मान डोलावली आणि एकेक करून पंखे बंद केले.

* * *

एप्रिल होता. अकोल्याचा माणूस एप्रिलमध्ये कूलरच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतो, दुसरं काही त्याला सुचत नाही. फ्लॅटमध्ये कूलर नाही म्हटल्यावर मी घाबरले आणि घरी फोन करून आमचा मोठा लोखंडी कूलर ट्रॅव्हल्सच्या टपावरून मागवला! चार माणसांनी तो वर आणला. आम्ही तो एकदाच लावला. सकाळी तिघी गोधड्यांत बसून शिंकत होतो. मग आम्ही त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

तर अशातच एकदा लिफ्टमध्ये समोरच्या काकू भेटल्या. पदरानं वारा घेत म्हणाल्या, "काय हो हे ऊन! जीव नकोसा झालाय अगदी."

मी खरंच इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं?"

त्यानंतर बरेच दिवस काकू जिन्यानं जात होत्या.

* * *

आमच्याकडे रोडगे करतात. गव्हाच्या पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीसोबत खायचे. शोभाताईंना एका रविवारी रोडग्यांची आठवण आली. पण पुण्यात गोवऱ्या आणायच्या कुठून?

"मागवते की!" रेखा म्हणाली आणि मोबाइल काढला.

खोका घरपोच आला. आत एकसारख्या गोल गोवऱ्या, प्रत्येक गोवरी कागदात गुंडाळलेली, वरून सोनेरी रिबीन! शोभाताईंनी एक हातात घेऊन उलटसुलट पाहिली, मग भाव विचारला आणि खालीच बसल्या. पुण्यात आल्यापासून त्यांनी पहिल्यांदा आपणहून घरी फोन लावला. "अजी, संत्र्याचं राहू द्या. म्हशी घ्या!"

संध्याकाळी गच्चीवर धूर झाला तसे सोसायटीचे सेक्रेटरी धावत वर आले. "हे काय चाललंय? परवानगी कुणाची घेतलीत?"

रेखा शांतपणे म्हणाली, "काका, हवन आहे."

सेक्रेटरींनी चपला काढल्या, हात जोडले. मग जरा वाकून पाहत विचारलं, "कसलं हवन म्हणायचं हे?"

"पोटशांतीचं," शोभाताई म्हणाल्या आणि तुपात निथळणारा एक रोडगा प्रसाद म्हणून त्यांच्या हातावर ठेवला. सोबत भाजीही दिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण माणूस तीन रोडगे खाऊन गेला!

पुढच्या आठवड्यात खाली पार्किंगमध्ये त्यांनी मला गाठलं, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "पुढचं हवन कधी आहे?"

* * *

हेड ऑफिसचे मोठे साहेब फार गोड बोलायचे. एकदा त्यांनी शोभाताईंना विचारलं, "मग मॅडम, कसं वाटतंय आमचं पुणं?" अपेक्षेनं पाहत उभे राहिले.

ताईंनी नीट विचार केला. "पाणी चांगलं हाय," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

* * *

हा किस्सा सांगताना मला अजून राग येतो. एक दिवस शोभाताईंना गावाकडून फोन आला, "आता कसा हाय गुडघा?" ताईंना वाटलं, राँग नंबर. मग दुसरा फोन, मग तिसरा. सगळ्या गावाला गुडघ्याची काळजी! शेवटी उलगडा झाला. बायको गुडघ्याच्या इलाजासाठी पुण्याला गेली, असं वसंतरावांनीच गावात सांगून टाकलं होतं. बायको साहेब व्हायला गेली हे चारचौघांत सांगायची या माणसाला लाज वाटत होती!

मी तणतणले. रेखा तर रडकुंडीलाच आली. ताई मेथी निवडत बसल्या होत्या. "खोटंच सांगाचं होतं तं दाताचं सांगाचं," त्या म्हणाल्या. "गुडघ्याले पाहाले मानसं येतात."

आणि खरंच आली! ताईंचे चुलत दीर आणि जाऊ, सफरचंदं घेऊन. नेमकी लिफ्ट बंद. दोघं धापा टाकत जिना चढत होते, तेवढ्यात मागून एक बाई खांद्याला पर्स आणि हातात भाजीची पिशवी घेऊन झपाझप आली आणि त्यांना ओलांडून पुढे गेली. ऑफिसातून परतलेल्या शोभाताई!

"वैनी!" दीर ओरडले. "गुडघा?"

ताई वरच्या पायरीवर थांबल्या. "डॉक्टरनं सांगतलं हाय, चढत राहा."

गावातून तिघाजणांनी त्या डॉक्टरचा नंबर मागितला.

* * *

दोन महिने संपत आले तेव्हाची गोष्ट. राहणार की जाणार, हे सांगायला साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. रेखानं हो म्हटलं, मीही हो म्हटलं. मग साहेब शोभाताईंकडे वळले. आदल्या रात्री ताई फारशा बोललेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या काय म्हणतील याचा मला अंदाज नव्हता. त्यांनी राहावं असं मला मनापासून वाटत होतं.

तेवढ्यात ताईंचा मोबाइल वाजला.

आमच्या सोसायटीत गेटवर कुणी आलं की वॉचमन त्याचा फोटो काढून फ्लॅटवाल्यांच्या मोबाइलवर पाठवतो. खाली दोन बटणं येतात, एक हिरवं, एक लाल. हिरवं दाबेपर्यंत माणूस गेटबाहेर.

फोटोत वसंतराव होते! न कळवता आलेले. गळ्यात दुपट्टा, हातात एक मोठी रिकामी बॅग. वॉचमननं कशासाठी आलात विचारलं असणार, आणि यांनी बायकोला न्यायला आलो म्हणून सांगितलं असणार. कारण फोटोखाली लिहिलं होतं, 'पिकअप'.

ताईंनी फोटो पाहिला, मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, मी राहते. लिहून घ्या."

साहेबांनी उठून अभिनंदन केलं, सगळ्यांना चहा मागवला. मोबाइल पुन्हा वाजला. चहा आला. मोबाइल आणखी एकदा वाजला. ताई बशीत चहा ओतून फुंकर घालत होत्या.

शेवटी मलाच राहवेना. काही झालं तरी जावईमाणूस, प्रवास करून आलेला, रस्त्यावर उभा! मी त्यांच्या कानाशी लागले, "ताई, दाबा ना ते बटण. केव्हाचे उभे आहेत ते."

"राहू द्या उभे," ताई म्हणाल्या. "मले पाहाले आल्ते तवा यांचे चहा-पोहे होईपर्यंत मी दारामागं उभीच होती."