लोथारच्या कुंपणातलं भोक

लोथार क्नाउटने लायप्झिगमध्ये जन्मभर ट्राम चालवली आणि ती कधी वेळेआधी सोडली नाही. उशिरा सोडली असेल म्हणाल, तर तेही नाही. निवृत्तीनंतर त्याच्या वाट्याला उरला तो आमच्या बागवसाहतीतला, भाड्याने कसायला मिळालेला जमिनीचा तुकडा. त्यात एक लाकडी खोपटं, भाजीचे वाफे आणि एक प्लमचं झाड. शेजारच्या तुकड्यात सख्खी बहीण गेरलिंडे, आणि तिच्याशी अबोला.

भांडण तळ्यावरून झालं होतं. वडील गेले, जमिनीचे दोन भाग झाले आणि गेरलिंडेने वडिलांच्या बटाट्याच्या वाफ्यात तळं खणलं. लोथार म्हणाला, "बाबांच्या बटाट्यांत डासांची शाळा काढलीस." ती म्हणाली, "बाबा होते तेव्हा किती वेळा आलास रे बटाटे खणायला?" हे खरं होतं, त्यामुळे माफ करणं शक्यच नव्हतं. लोथारने मधोमध ओकच्या फळ्यांचं कुंपण घातलं, जमिनीत हातभर पुरलेलं. आपला हात यापलीकडे जाणार नाही, अशी शपथही वसाहतीच्या फाटकाशी उभं राहून घेतली, म्हणजे सगळ्यांना कळावी. त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

मग गोगलगाई आल्या. शंख नसलेल्या, बोटभर लांबीच्या, तपकिरी. संध्याकाळी सॅलडची रोपं लावावीत आणि सकाळी वाफा न्हाव्याकडून आल्यासारखा दिसावा. लोथारने बिअरचे पेले पुरून पाहिले. गोगलगाई बिअर प्यायल्या, काही बुडाल्या, आणि बाकीच्या वास घेत चारी बाजूंच्या बागांतून आल्या. विषारी गोळ्यांना वसाहतीत बंदी. आणि वसाहतीचा नियम असा की तिसरा हिस्सा जमिनीत भाजी दिसलीच पाहिजे. उन्हाळी पाहणीत गेल्या वर्षी लोथारचे वाफे उघडे निघाले होते.

"यंदाही असंच दिसलं तर माझा नाइलाज आहे, क्नाउट," अध्यक्ष बोनिश म्हणाले. "तुकडा दुसऱ्याला द्यावा लागेल. रांग लागलीय लोकांची."

"गोगलगाईंनाच द्या. नाहीतरी त्याच कसताहेत."

"त्यापेक्षा बेडूक ठेवा. ते चामखिळीवाले, मातकट. गोगलगाई मटकावतात."

मार्च सरता सरता तसले बेडूक आमच्या फाटकासमोरचा रस्ता ओलांडतात. गाड्यांखाली सापडू नयेत म्हणून बोनिश त्यांना बादलीत घालून अलीकडे आणतात. लोथारने ती बादलीच मागून घेतली. बेडकांसाठी फुटक्या कुंड्या पालथ्या घातल्या, फळ्या टाकल्या, परातीत पाणी ठेवलं. स्वतःसाठी त्याने एवढं कधी केलं नव्हतं.

सकाळी कुंड्यांखाली कोणी नव्हतं. सगळे बेडूक कुंपणाला नाक लावून बसले होते. लोथारने त्यांना उचलून कुंड्यांखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंपण.

"अहो, ते गेरलिंडेच्या तळ्यातच जन्मलेत," बोनिश जरा खजील होऊन म्हणाले. "अंडी घालायला तिथेच जाणार. वाट असेल तर नंतर चरायला तुमच्याकडे येतील. पण तुमच्या कुंपणातून वारा जात नाही."

बहिणीकडे वाट मागायची? लोथारने तो विचार घरी नेला आणि परत आणला. तुकडा गेला तर बाबांच्या हातची उरलेली शेवटची जमीन जाणार होती. प्लमचं झाडही त्यांनीच लावलेलं.

शनिवारी कडक ऊन पडलं. दुपारी लोथारने पाहिलं, तर कुंपणाशी एक जाडजूड मादी, तिच्या पाठीवर तिचा नवरा, आणि दोघांची कातडी सुकत चाललेली. वरून पलीकडे सोडलं असतं तर काम झालं असतं. पण हात पलीकडे गेला असता. त्यापेक्षा फळी कापणं बरं, असं त्याने ठरवलं आणि करवत आणली.

दीड वाजला होता. एक ते तीन आमच्या वसाहतीत शांतता असते. करवत नाही, हातोडा नाही, पोरं कुजबुजून भांडतात. आणि या शांततेचा खरा पहारेकरी लोथारच. सफरचंद मोठ्याने खाल्लं म्हणून त्याने बोनिशना एकदा झापलं होतं. त्याच लोथारची करवत ओकच्या फळीत रडायला लागली, तेव्हा झाडून सगळी वसाहत आपापल्या आरामखुर्चीत उठून बसली.

पलीकडून स्लिपरांचा आवाज धावत आला. कुंपणावर गेरलिंडेचा चेहरा उगवला, पांढराफटक.

"लोथार, काय होतंय तुला? छातीत दुखतंय का?"

"नाही."

"डोकं गरगरतंय?"

"बरा आहे मी."

"मग दीड वाजता करवत कसली चालवतोयस? मला वाटलं, गेलं याचं डोकं, नाहीतर हा तरी." तिने धाप टाकली. "घाबरले ना मी."

लोथारने जमिनीकडे बोट केलं. गेरलिंडेने टाचा उंचावून पाहिलं, मग त्याने कापलेली फट पाहिली.

"एवढ्यातून ही जाईल? पाठीवर नवरा आहे तिच्या. अजून वीतभर काप."

"तीन वाजता कापतो."

"तोवर मरतील ती. काप."

त्याने कापलं. गेरलिंडे अर्धवट कापलेली फळी पलीकडून धरून उभी राहिली, म्हणजे कंप पावून आवाज वाढू नये. मादी नवऱ्यासकट गेली. शांतताभंगाबद्दल बोनिशनी दोघांनाही तंबी दिली, आणि दोघांनीही ती मान खाली घालून ऐकून घेतली.

जूनपर्यंत बेडूक भोकातून परत आले आणि कुंड्यांखाली राहिले. पाहणीच्या दिवशी वाफ्यात सॅलड होतं, घेवडा होता, थोडी भोकं पडलेली पानंही होती. बोनिशनी मान डोलावली आणि पुढच्या तुकड्याकडे गेले.

त्या दुपारी दीड वाजता लोथार खुर्चीत डोळे मिटून बसला होता. कुंपणाशी काहीतरी खरवडलं. बेडूक असेल म्हणून त्याने पाहिलं, तर भोकातून बशी आत सरकत होती. आईची निळ्या काठाची बशी, वर चेरीचा केक.

"वरून द्यायची," तो हळू आवाजात म्हणाला. "माती लागली की तिला."

"वरून कशी देऊ?" पलीकडून तितक्याच हळू उत्तर आलं. "शपथ मीपण घेतली होती."