दादाच्या मोटारीचा काटा

मंडळी, माझा थोरला भाऊ जाऊन आठवडाही झाला नाही. मोटार पुन्हा चालावी म्हणून दादानेच मुंबईहून जुनं इंजिन मागवलं होतं. ते बसवायला आलेले उस्मानमिस्त्री उद्याच्या बोटीने परत जाणार, त्यामुळे आज सुतकातच, नारळ न फोडता, मी हँडल मारलं.

इंजिन चाललं, पण तेलाच्या दाबाचा काटा शून्यावरच.

"बंद करा, भाऊ! बेअरिंग जळतील," मिस्त्री ओरडले.

मिस्त्रींनी काट्याची नळी सोडवली. पुन्हा चालू करताच तेलाची धार थेट त्यांच्या दाढीवर उडाली.

"दाब झकास आहे! हा काटाच मेलाय," म्हणाले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

"असू द्या, मिस्त्री," मी म्हटलं.

मोटारीचा आवाज ऐकून आई धावत दारात आली. दादाऐवजी मी दिसल्यावर आत गेली.

दादाची मोटार चालू झाली, पण दादा आला नाही, हे तिला पुन्हा कसं सांगू?