गावात पैसे भरून राहणारे चाचा

आख्ख्या खेड तालुक्यात स्वतःच्या गावात राहायचे पैसे भरणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या आळीत होता. बाकी आम्ही सगळे नुसत्या जन्माच्या जोरावर कुरुळीत फुकट राहत होतो. त्या माणसाला सगळं गाव चाचा म्हणे. जन्म कुरुळीचा, विहिरीत पोहायला शिकले ते कुरुळीत, मराठी शाळेत तिसरीपर्यंतचा मारही कुरुळीचाच. पण सोळाव्या वर्षी मामाबरोबर बोटीने कराचीला गेले, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात लागले, आणि ते दुकानात काम करत असतानाच मधोमध सरहद्द आली. तिकडेच लग्न झालं, बायको वारली, मूलबाळ नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईनंतर बंद झालेली येण्याजाण्याची वाट पुन्हा उघडली तेव्हा विधवा बहिणीला भेटायला म्हणून तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. मी सांगतोय त्या वेळी त्यांचे ते तीन महिने चौथ्या वर्षात शिरले होते.

दर सहा महिन्यांनी मुदत वाढवून घ्यावी लागे. आधी बँकेत चलन भरायचं, ते अर्जाला जोडायचं आणि पुण्याला पोलिसांच्या परदेशी लोकांच्या खात्यात नेऊन द्यायचं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी. कॉम. होऊन भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात लागलो आणि गावातले सगळे इंग्रजी कागद आपोआप माझ्या दारात यायला लागले. चाचा मला नावाने कधी हाक मारत नसत. दारातूनच म्हणत, "बीकाम, चल. भाडं भरायचं हाय."

दुसरा कोणी असता तर रडला असता. चाचांना मात्र त्या चलनाचा केवढा अभिमान. सगळ्या पावत्या बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात, तारखेप्रमाणे. गावात काही बिघडलं की पहिली तक्रार त्यांची. रस्त्यावरचा दिवा गेला, नळाला गढूळ पाणी आलं, की हे सरपंचांच्या ओट्यावर हजर. "चाचा," सरपंच एकदा वैतागून म्हणाले, "घरपट्टी तरी भरता का तुम्ही?" चाचा शांतपणे म्हणाले, "घरपट्टी तू ग्रामपंचायतीला भरतोस. म्या थेट सरकारला भरतो. तू ह्या गावात राहतोस ह्याची पावती हाय का तुझ्याकडं?" सरपंचांकडे नव्हती.

नियम पाळण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कागदावर शिक्का पुणे जिल्ह्याचा होता, म्हणून जिल्ह्याबाहेर पाऊल नाही. आमच्या चुलत्याच्या लग्नाचं वऱ्हाड ट्रकने नगर जिल्ह्यात निघालं. शिरूरला घोडनदीचा पूल आला तसे चाचा खाली उतरले. नदीच्या पलीकडे नगर जिल्हा. चुलता मुंडावळ्या सावरत खाली आला, विनवण्या करून थकला. "पलीकडं न्हाई. हितनंच अक्षता टाकतो," असं म्हणून ते पुलाजवळच्या हॉटेलात जाऊन बसले आणि संध्याकाळी परतीच्या वऱ्हाडाने रुमालात बांधून आणलेले लाडू खात ट्रकमध्ये चढले. या व्हिसावर नोकरीधंदा करायची परवानगी नव्हती, म्हणून गावभरचे स्टोव्ह आणि शिवणयंत्रं ते फुकट दुरुस्त करत. चहा मात्र पीत. चहा हा धंद्यात धरतात की नाही, हे त्यांनी मला पोलिसांना विचारून यायला लावलं होतं.

पैशांची सोय बहीण करी. तिला आम्ही आपा म्हणत असू. दर मुदतीला आपा एक बोकड विकायची आणि भावाला दोन शिव्या द्यायची. "तीन म्हयन्यांसाठी आलता," ती मला सांगे. "पावना म्हणून पयल्या दिवशी कोंबडी कापली. तवापासनं रोज इचारतोय, आज कोंबडी न्हाई का?" अर्जात मुदतवाढीचं कारण लिहावं लागे, आणि ते म्हणजे आपाची तब्येत. पहिल्या अर्जात तिचे सांधे दुखत होते, पुढच्यात दमा लागला, मग एका डोळ्याला दिसेना. शेवटी मी म्हणालो, "चाचा, आता पुढचा आजार म्हणजे मरणच." आपा डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन तिथेच उभी होती. म्हणाली, "लिव, लिव. मेल्यावर तरी ह्यो जाईल का, त्ये इचार त्येलाच."

अशात एका शनिवारी पुण्याहून साध्या कपड्यांत एक पोलिस चौकशीला आला. चाचा आणि आपा चाकणच्या बाजाराला गेले होते, मी कारखान्यात. पोलिसाने स्टँडवरच्या हॉटेलात विचारलं, "या गावात पाकिस्तानी कोण राहतो?" झालं. सगळ्यांनी एकमेकांना डोळ्यांनी खुणावलं. हॉटेलवाला म्हणाला, "पाकिस्तानी? साहेब, ही कुरुळी हाय." पोलिसाने कागद काढून नाव वाचलं. न्हावी म्हणाला, असं नाव ऐकलं नाही. पाटलांनी ऐकलं नाही. ज्यांच्या घरी चाचांनी आदल्या दिवशी स्टोव्ह दुरुस्त केला होता त्या तात्यांनी तर शपथच घेतली. सरपंचांनी शेवटचा हात फिरवला: "साहेब, असा कोणी असता तर मला ठाऊक नसता व्हय?" पोलिसाने लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेला.

संध्याकाळी चाचा बाजारातून उतरले तेव्हा गाव त्यांना आपला पराक्रम सांगायला स्टँडवर उभं होतं. चाचांनी एवढंच विचारलं, "लिवून घेतलं का त्यानं?" दहा दिवसांत पुण्याचं पत्र आलं. हा इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, पोलिसांना चुकवून फिरतो असं दिसतं, आठ दिवसांत हजर राहावं, नाहीतर परत पाठवण्यात येईल. मी वाचून दाखवलं. भीती आपाच्या तोंडावर दिसली, तिने पदर तोंडाला लावला. चाचांना मात्र वेगळंच लागलं होतं. "चार वरसं पैसे भरतोय," ते म्हणाले, "आन गाव म्हणतंय, हितं राहतच न्हाई."

मग मी चावडीवर बसून जबाब लिहिला: आम्ही खाली सही करणारे ग्रामस्थ लिहून देतो की सदर इसम आमच्या गावात, आमच्या डोळ्यांसमोर राहतो, आणि त्या दिवशी आम्ही खोटं सांगितलं. 'खोटं' शब्दावर पाऊण तास वाद झाला. सरपंच म्हणाले, "खोटं कसं? आमी चांगल्या मनानं सांगितलं." शेवटी 'गैरसमजाने' ठरलं. एकतीस सह्या आणि अंगठे झाले. रक्ताच्या नात्यातलं माणूस चालत नाही, म्हणून आपाचा अंगठा तेवढा घेतला नाही.

मी आणि सरपंच चाचांना घेऊन पुण्याला गेलो. तिथल्या साहेबांनी कागद दोनदा वाचला. सरपंचांना विचारलं, "पोलिसाला तुम्हीच सांगितलंत ना, असा कोणी नाही म्हणून?"

सरपंच टोपी हातात घेऊन म्हणाले, "सांगितलं साहेब. त्यांनी पाकिस्तानी इचारला. आमच्यात तसा कोण दिसंना."

साहेबांनी रुमाल काढून बराच वेळ नाक पुसलं. मग पुढचा कागद ओढला आणि सहा महिन्यांऐवजी एकदम वर्षाची मुदत लिहिली. चाचांनी अदबीने विचारलं, "साहेब, वरसाचं येकदम भरल्यावर काय सूट?" मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

सरपंच जिल्हा परिषदेच्या कामासाठी पुण्यातच थांबले आणि आम्ही दोघे एस.टी.ने परत निघालो. मला वाटलं, चाचा आता गावाला काय काय सुनवायचं त्याची तयारी करतील. पण ते खिडकीकडे तोंड करून बसले. कासारवाडी गेल्यावर म्हणाले, "बीकाम, त्यो सह्यांचा कागद परत मिळंल का रं?" मी म्हणालो, नाही, तो फाइलला लागला. मग म्हणाले, "नावं ध्यानात हायेत तुझ्या?" मी सांगायला लागलो. सरपंच, दोन्ही पाटील, तात्या, हॉटेलवाला, न्हावी, सुतार. भोसरी गेली, मोशी गेली. मी अडलो की ते पुढचं नाव सांगत. त्यांना सगळी पाठ होती. कोणाची सही, कोणाचा अंगठा, तेही. इंद्रायणीचा पूल ओलांडला तेव्हा एकतीस झाली.

"येक कमी हाय," चाचा म्हणाले.

"नाही, एकतीसच होती."

"तुझं," ते म्हणाले. "लिवलंस तू. सही न्हाई केलीस."

खरं होतं ते. मी तेव्हा सरकारी नोकरीसाठी अर्ज केला होता. पाकिस्तानी माणसासाठी जामीन राहिल्यासारखं आपलं नाव पोलिसांच्या फाइलमध्ये नको, असं माझ्या शिकलेल्या डोक्यात आलं होतं. अंगठा उठवणाऱ्यांच्या मनात ते आलं नाही. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बरं केलंस. नोकरीचं बघाय पायजे," ते म्हणाले, आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

पुढच्या खेपेला सही करायची, असं मी त्या दिवशी बसमध्येच ठरवलं होतं. पण पुढं त्यांची मुदत दर वर्षी विनातक्रार वाढत गेली, आणि एका हिवाळ्यात चाचा कुरुळीतच वारले. गावाकडून तसला कागद पुन्हा कोणी मागितलाच नाही.