तांबड्या शाईतलं शाब्बास

देवासला इंग्रजीचा मास्तर झालो तेव्हा बायको धारलाच होती, माझ्या आईवडिलांपाशी. मी एका खोलीत, हातानं करून खायचो. मुळीच करमायचं नाही. म्हणून पत्रातून तिला इंग्रजी शिकवायचं खूळ घेतलं. ती लिहून पाठवी, मी तांबड्या शाईनं दुरुस्त करून परत धाडी. मेली मास्तरकी बायकोशी बोलतानाही सुटेना!

एकदा पडण्याची क्रियापदं दिली. नुसतं पडणं म्हणजे फॉल. पाय घसरला की स्लिप. गडगडत गेलं की टंबल. हातून काही सुटलं की ड्रॉप. आणि अंगातलं त्राणच जाऊन माणूस जागच्या जागी कोसळला, तर कोलॅप्स. वाक्यं रोजच्या जगण्यातली हवीत, असं वर बजावलं.

तिची वाक्यं येऊ लागली. विहिरीवर माझा पाय घसरला. हातून भरली घागर सुटली. जिन्यावरून मी गडगडले. मी स्पेलिंगं सुधारली आणि खाली शेरा मारला, "जिन्याचं वाक्य पाच वेळा लिही." तिनं लिहिलं. तळाशी बारीक अक्षरात मराठीत एवढंच होतं, "इकडून येणं केव्हा होईल?" मी कळवलं, परीक्षा आटोपल्यावर.

मग एक वाक्य आलं. चुलीपुढे मी कोसळले, आज दुसऱ्यांदा. एकही चूक नाही! मला कोण आनंद झाला. "शाब्बास!" लिहून त्याच दिवशी परत टाकलं.

चार दिवसांनी पोस्टमन दारातच थांबला. "मास्साब, ये बाहर ही पढ़ लो." कार्डाचा कोपरा फाडलेला होता. मरणाचं कार्ड घरात नेत नाहीत. ओट्यावर उभ्याउभ्याच वाचलं.

धारला गेलो. आई रडत म्हणाली, "पोरीनं तोंडातून ब्र काढला नाही रे! आम्हांला कसं कळावं?" खरंच, कसं कळावं? सासूसासऱ्यांपाशी दुखणं बोलायची तिला चोरी. इंग्रजी त्या घरात कुणालाच येत नव्हतं, म्हणून तिनं ते इंग्रजीत सांगितलं. वाचणारा मी एकटा, आणि मी गाढव स्पेलिंगं तपासत बसलो.

वडिलांनी एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. माझंच. ती गेल्यावर पोचलेलं, तसंच बंद.

"काय लिहिलं होतंस रे तिला?" त्यांनी विचारलं.

"शाब्बास," मी म्हणालो.