एका सीटची गाडी

आमच्या घरात माझी एक सवत आहे. पिवळी, विलायती आणि मुकी, कारण तिला हॉर्नच नाही. दिवा नाही, आरसा नाही आणि मुख्य म्हणजे मागे सीट नाही. नवऱ्याने ती भंगारातून उचलून टेम्पोने रोह्याला आणली, तेव्हाच मी विचारलं होतं, "आणि मी कुठं बसायचं?"

"अगो, ही चिखलातल्या रेसची फटफटी हाय. कारखान्यानंच एकट्यासाठी बनवलीय."

त्या कारखान्याचा इतिहास मला माहेरच्या गोतावळ्यापेक्षा जास्त पाठ आहे. कुठल्याशा थंड देशात मोजकी माणसं ही गाडी हातानं जोडायची. पहिल्या खेपेला पेट्रोलची टाकी फायबरची. ती तडकायला लागली, म्हणून पुढच्या खेपेला पत्र्याची. तिसरी खेप निघालीच नाही, कारखान्याला कुलूप लागलं. आमची पहिल्या खेपेतली, म्हणजे दुर्मीळ. म्हणजे कंपनीतून शिफ्ट संपवून आलेला माणूस जेवायच्या आधी तिला पुसणार आणि मी ताट वाढून बोंबलत बसणार!

त्याची एकच इच्छा होती. पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ही उभी राहावी. नियम असा, की गाडी कारखान्यातून निघाली तशीच दिसायला हवी. तडकलेली टाकी सांधून रंगवायला त्याने गाडी पेणजवळ जोह्याला, गणपतीच्या कारखान्यात ठेवली. फायबरचं काम त्यांच्याइतकं कोण करणार? प्रदर्शनाचे परीक्षक गाडी बघायला तिथंच येणार होते. मजा बघायला मीही गेले.

टाकी झकास झाली होती. पण पुढची पांढरी पाटी, जिच्यावर रेसचा नंबर लिहितात, तिच्यावर दोन डोळे! टपोरे, पाणीदार, पापण्यांसकट.

"काका, डोळ्यांची आखणी केल्याबिगर आमच्याकडनं काय बाहेर जात नाय," रंगारी म्हणाला. "दिव्याची जागा मोकळी दिसली, म्हटलं डोळेच राहिले."

मी पोट धरून हसले. परीक्षकांनी इंजिन पाहिलं, टाकी पाहिली, खूश झाले. म्हणाले, "तेवढे डोळे पुसून टाका, गाडी प्रदर्शनात घेतली."

नवऱ्याने थिनरचा बोळा घेतला, पाटीपर्यंत नेला आणि थांबला. "बघतेय गो ती. माझ्यानं नाय व्हायचं."

"अहो, एवढी वर्षं वाट बघितलीत ना? आणा इकडं!" मी बोळा हिसकावला. सवतीचे डोळे पुसायची संधी आयती चालून आली होती. पण ती माझ्याकडे अशी काही बघत होती, की माझाही हात उठेना. परीक्षक हळहळले, नमस्कार करून निघून गेले.

परतताना टेम्पोत नवरा सारखा मागं वळून तिच्याकडे बघत होता. त्याच्याकडे बघून मला रडूच आलं. माझ्यामुळे त्याची गाडी राहिली, असंच वाटत होतं.

कोलाडच्या अलीकडे तो म्हणाला, "आता ती कारखान्यातल्यासारखी नाय ना राहिली?"

"नाय."

"मग उद्या सीट लांब करून आणतो. भात कापून झालंय, शेतात चक्कर मारू. बसशील ना गो मागं?"