नवऱ्यालाही सांगणाऱ्या डॉक्टर

डॉ. विमलताईंची नि माझी पहिली भेट खांडबाऱ्याच्या शिबिरातली. मी नवी सिस्टर आणि तोंडाने फटकळ. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी म्हटलं की बायका पळ काढत, आणि मी त्यांच्यावर डाफरत असे. ताईंनी मला आधी दाराला पडदा लावायला सांगितला. शहाद्याकडच्या गुजर सासूबाई असोत की मोहल्ल्यातली तरुण सून, पडदा पाहून बाई निवांत टेबलावर येते, हे मी त्या दिवशी शिकले.

काम तसं सरळ. व्हिनेगरसारखं पातळ द्रावण लावलं की बिघडलेली जागा पांढरी दिसते. तो कर्करोग नव्हे, पण दुर्लक्ष केलं तर पुढे होऊ शकतो. तेवढीच जागा शेक देऊन जाळली की बहुतेकींचं भागतं. नंतर महिनाभर मात्र नवऱ्यापासून दूर राहायचं.

काठी गावाकडच्या रुमाबाईंना असा डाग निघाला. मी कागदावरचा महिनाभराचा नियम घडाघडा वाचून दाखवला. त्या शेक न घेताच उठून गेल्या, पुढच्या शिबिरालाही फिरकल्या नाहीत. 'अडाणी बाई' असं मी म्हणून गेले. त्याची मला आजही लाज वाटते. ताई माझ्यावर त्यांच्या अहिराणीत उखडल्या, "तुन्हा कागद शहाना शे, पन तिना नवराले कोन सांगी?"

होळी जवळ आली होती. रुमाबाईंच्या नवऱ्याने नवसाची पाळणी धरलेली. म्हणजे खाटेवर झोपायचं नाही, बायकोला शिवायचं नाही. ताई मला घेऊन थेट त्यांच्या अंगणात गेल्या. सोबतच्या गावातल्या आशा कार्यकर्त्या त्यांच्या पावरी बोलीत समजावत होत्या. ताई एवढंच म्हणाल्या, "देवासाठी पाळता, तसं महिनाभर बायकोसाठी पाळा."

नवरा उठून आपल्या कामाला लागला. मला वाटलं, गेली ही बाई हातची. पण होळीनंतरच्या पहिल्याच शिबिराला दोघं आले आणि रुमाबाईंनी शेक घेतला. पुढच्या तपासणीत जागा स्वच्छ निघाली. रुमाबाईंनीच मग सांगितलं, की होळी झाली तरी जमिनीवर का झोपतोस, असं भाऊबंद नवऱ्याला विचारत, आणि तो म्हणे, "घरची पाळणी बाकी आहे." मी तिथेच रडले.

ताईंनी पंचाहत्तरी गाठली, तरी घाट चढू नका म्हटलं की आम्हालाच दटावतात. ताई, तुम्हाला ठणठणीत, उदंड आयुष्य लाभो, आणि तुमची बोलणी खायचं भाग्य मला आणखी पुष्कळ वर्षं मिळो.